ताज्या बर्फातली घरची बाग

रात्रभर बर्फ पडून पहाटे थांबलाय, वारा नाही, ऊन अजून वर आलेलं नाही आणि बागेत कुणाचं पाऊल पडलेलं नाही, अशा वेळी घराभोवतीची बाग कशी दिसते आणि तशी का दिसते याबद्दलची ही नोंद. थंड प्रदेशातले हौशी बागवाले या दिवसासाठी शरद ऋतूपासूनच तयारी करतात. हे रूप फार टिकत नाही, ऊन आणि वारा असेल तर दोन-चार तासांत फांद्या मोकळ्या होतात, हवा शांत आणि थंडी कडक असेल तर एखाद-दोन दिवस राहतं. आठवडाभर साचलेला, वरून पापुद्रा धरलेला, कडेने काळवंडलेला बर्फ इथे धरलेला नाही, त्याची गोष्ट वेगळी आणि त्यात बघण्यासारखं बरंच कमी.

उन्हाळ्यात बागेत इतकं काही चालू असतं की नजर या फुलावरून त्या फुलावर जाते आणि मुळात बागेची आखणी कशी आहे हे लक्षातच येत नाही. बर्फ पडला की रंग जातात, वाळलेला पालापाचोळा, मातीची ढेकळं, अर्धवट राहिलेली कामं, कोपऱ्यातली रिकामी कुंडी सगळं झाकलं जातं आणि उरतात त्या नुसत्या रेषा, म्हणजे वाफ्याची कड, पायवाटेचं वळण, कुंपणाची उंची, बाकाची पाठ. जे आडवं ते पांढरं आणि जे उभं ते काळं, एवढ्या दोन रंगांत सगळी बाग परत मांडली जाते. माझं तर ठाम मत आहे की जिची आखणी चांगली ती बाग जून महिन्यापेक्षा बर्फात जास्त सुंदर दिसते, आणि जिथे नुसते हंगामी फुलांचे वाफे होते तिथे बर्फानंतर सपाट मैदान उरतं, बघायला काहीच नसतं.

सगळेच बर्फ सारखे बसत नाहीत. तापमान शून्याच्या जवळपास असताना पडणारे कण किंचित ओलसर असतात, एकमेकांना आणि फांदीला चिकटतात, त्यामुळे अगदी कपडे वाळत घालायच्या तारेवरसुद्धा दोन-तीन बोटं उंच बर्फाची भिंत उभी राहते, खालची तार जेमतेम काडीएवढी जाड असली तरी. उणे दहाच्या खाली पडणारा बर्फ कोरडा आणि भुरभुरीत, तो फांदीवरून घरंगळतो आणि जमिनीवर हलका साचतो. झाडाची काडी न् काडी पांढरी झालेली सकाळ हवी असेल तर शून्याच्या आसपासचं तापमान आणि वाऱ्याचा अभाव या दोन्ही गोष्टी एकत्र जुळून याव्या लागतात, म्हणून तशा सकाळी थोड्याच मिळतात.

बर्फाचा कण स्वतः पांढरा नसतोच, पारदर्शक असतो. पण असंख्य कणांच्या कडांवरून प्रकाश इकडून तिकडे फेकला जातो, कुठलाच रंग फारसा शोषला जात नाही आणि आपल्याला पांढरा दिसतो. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या उन्हातलं ८० ते ९० टक्के परत फेकतो, गवत साधारण पाव भाग, त्यामुळे अशा दिवशी उजेड खालून वर येतो, झुडपांच्या आतल्या फांद्या, घराच्या वळचणी, बाकाची खालची बाजू, ज्या जागी कधीच उजेड पोचत नाही त्या सगळ्या उजळतात. आणि ते चमचमणं असतं ना, ते सपाट कणांमुळे, प्रत्येक कण एका ठराविक कोनातून ऊन डोळ्यात फेकतो आणि आपण मान जरा हलवली की ते ठिपके विझून दुसरेच पेटतात.

कणाला सहा बाजू का असतात हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ योहान्स केप्लरने १६११ मध्ये एका छोट्या लेखात विचारला होता, उत्तर पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी रचनेत बसतात यात आहे पण ते कळायला पुढे तीनशे वर्षं गेली. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला शेतकरी विल्सन बेंटली याने १५ जानेवारी १८८५ ला मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून एका कणाचा फोटो घेतला आणि मग आयुष्यभरात ५००० हून जास्त कणांचे फोटो काढले. जपानमध्ये शास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसावर बर्फाचा कण वाढवून दाखवला आणि तापमान व ओलाव्यानुसार आकार कसे बदलतात ते मांडलं. उणे ५ च्या आसपास सुया, उणे १५ च्या आसपास फाटे फुटलेले मोठे तारे. यासाठी प्रयोगशाळाच लागते असं नाही, गडद रंगाचा लोकरी हातमोजा आधी बाहेर थंड होऊ द्यायचा, त्यावर पडलेला कण साध्या भिंगातून बघायचा, श्वास बाजूला सोडायचा, सहा फाटे आणि त्यांना फुटलेले उपफाटे स्पष्ट दिसतात. काही तासांनी मात्र जमिनीवरच्या कणांची टोकं झिजून गोल होतात, ताज्या बर्फाची चमक जाते ती यामुळेच.

सावल्या काळ्या नसतात, निळ्या असतात, हे एकदा दिसलं की मग दरवेळी दिसतं. स्वच्छ आकाश असेल तर सावलीच्या जागी सूर्याचं थेट ऊन पोचत नाही, फक्त आकाशाचा निळा उजेड पोचतो आणि पांढरा बर्फ तो जसाच्या तसा दाखवतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने १८६८-६९ च्या हिवाळ्यात बर्फातलं कुंपण, फाटक आणि त्यावर बसलेला मॅगपाय पक्षी रंगवला तेव्हा कुंपणाची सावली निळसर रंगात घेतली, १८६९ च्या पॅरिस सलोनने, म्हणजे तिथल्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने, ते चित्र नाकारलं, आज ते पॅरिसच्या म्युझे दॉर्से या संग्रहालयात आहे. हिवाळ्यात सूर्य खाली असतो म्हणून सावल्या लांबच लांब पडतात, एका बारक्या झुडपाची सावली अख्खी हिरवळ ओलांडून जाते.

शांतता हाही या सौंदर्याचा भागच. ताज्या बर्फात ९० टक्क्यांपर्यंत हवा असते, कणांमधल्या पोकळ्यांत आवाज अडकून जिरतो, म्हणून रस्ता जवळ असला तरी लांब गेल्यासारखा वाटतो. बर्फ दबून कडक झाला की हा गुण जातो.

आता झाडांकडे वळू, कारण खरी मेहनत इथे आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळं कापून बाग साफसूफ करायची सवय अनेकांना असते आणि तीच सवय हिवाळ्यातली बाग मारते. वाळलेले फुलोरे, बोंडं, उंच गवतं तशीच उभी ठेवली तर बर्फाला बसायला जागा मिळते. सीडम या जाड पानांच्या बागेतल्या झाडाचा सपाट वाळका फुलोरा तांबूस तपकिरी असतो, त्यावर बर्फाची गोल गादी बसते आणि खालून तो तपकिरी रंग डोकावतो. एकिनेशियाची काळी बोंडं, हायड्रेंजियाचे कागदी झालेले गुच्छ, मिसकॅन्थस गवताचे तुरे, प्रत्येकावर बर्फ वेगळ्या आकाराने बसतो. डच उद्यान-रचनाकार पीट औडॉल्फ (जन्म १९४४), न्यूयॉर्कच्या हाय लाइनवरची (जुन्या उंच रेल्वेमार्गावर केलेली बाग) लागवड ज्यांची आहे ते, झाड वाळल्यावर कसं दिसेल याचाही विचार करून झाडं निवडतात, आणि त्यांच्यामुळे ही वाळकी झाडं उभी ठेवायची पद्धत खूप पसरली. शिवाय त्या बोंडांतलं बी खायला गोल्डफिंचसारखे पक्षी येतात, पांढऱ्यावर एकदम जिवंत रंग.

रंगासाठी सगळ्यात भरवशाचं झुडूप म्हणजे लाल काड्यांचं डॉगवुड. पानं गळाल्यावर काड्या लालभडक होतात, आणि तिरक्या काडीच्या वरच्या अंगाला बर्फाची बारीक पांढरी रेघ बसते, खालचं अंग लालच राहतं, जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक काडी अशी दुरंगी असते. लाल रंग कोवळ्या काड्यांवर जास्त चढतो म्हणून जुन्या काड्या वसंताच्या सुरुवातीला बुडापासून कापतात. पांढऱ्या खोडासाठी बऱ्याच बागांमध्ये हिमालयातला भूर्ज लावतात, ज्याच्या सालीवर आपल्याकडे पूर्वी पोथ्या लिहीत तोच, आणि गंमत अशी की शेजारी ताजा बर्फ आला की ती शुभ्र वाटणारी साल किंचित पिवळसर दिसायला लागते. विच हेझल या झुडपाची फुलं तर भर हिवाळ्यात येतात, पाकळ्या म्हणजे पिवळ्या-नारिंगी बारीक फिती, कडाका वाढला की त्या गुंडाळून घेतात आणि हवा जरा निवळली की पुन्हा उलगडतात. ऱ्होडोडेंड्रॉनची पानंसुद्धा कडक थंडीत खाली झुकून नळीसारखी वळतात, झाड मेलं असं समजून कुणी उपटू नये. हिवाळा सरता सरता स्नोड्रॉप (कंदातून येणारं छोटं पांढरं फूल) येतो, त्याच्या पानांची टोकं टणक असतात आणि गोठलेली माती व बर्फ भेदून तो वर येतो.

रात्री कोण येऊन गेलं ते सकाळी कळतं. चिमणी उड्या मारत जाते म्हणून तिचे ठसे जोडीजोडीने, कावळा चालतो म्हणून एकाआड एक. सशाच्या ठशांत मागच्या पायांचे मोठे ठसे पुढे आणि पुढच्या पायांचे मागे पडतात, त्यामुळे दिशा ओळखताना हमखास फसायला होतं. कोल्हा जवळजवळ एका सरळ रेषेत जातो.

बर्फ बागेला इजा करतो असं वाटतं पण भुरभुरीत बर्फ गोधडीचं काम करतो, आतल्या हवेमुळे जमिनीची ऊब टिकते. फूटभर ताजा बर्फ असेल तर वर उणे पंधरा असलं तरी मातीजवळ तापमान शून्याच्या आसपासच राहतं, आणि बहुवर्षायू झाडांची मुळं वाचतात. त्याच पांघरुणाखाली शेतउंदीर बोगदे करून कोवळ्या झाडांची साल कुरतडतात, म्हणून नव्या फळझाडांच्या बुंध्याला जाळी लावतात.

धोका असतो तो ओल्या बर्फाचा. दहा सेंटीमीटर कोरडा ताजा बर्फ एका चौरस मीटरवर ५ ते १० किलो भरतो, ओला असेल तर २० किलोच्याही वर जातो, थुजा आणि जुनिपरसारखी सदाहरित सूचिपर्णी झाडं मधूनच उघडतात, फांद्या मोडतात. अशा वेळी झाडूने खालून वर हलकेच उचलल्यासारखं करून बर्फ पाडावा, वरून झोडपू नये, आणि फांदीवर पाणी गोठून कवच झालं असेल तर हातच लावू नये, वितळू द्यावं. जपानमध्ये कानाझावाच्या केनरोकुएन बागेत दरवर्षी १ नोव्हेंबरपासून पाइनच्या झाडांवर युकित्सुरी बांधायला घेतात, म्हणजे मधोमध उंच खांब आणि त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीला उतरणारे दोर. काम फांद्या सांभाळायचं, पण बर्फ पडल्यावर त्या दोरांचे शंकू इतके देखणे दिसतात की लोक खास तेवढ्यासाठी येतात. घरी थुजाला शरदात सुतळी गुंडाळली तरी पुरतं.

पायवाटेवर मीठ टाकायचा मोह टाळावा, ते मातीत उतरून मुळांना आणि कडेच्या झुडपांना जाळतं, त्यापेक्षा वाळू बरी. हिरवळीवरून ये-जा करू नये, दाबलेला बर्फ उशिरा वितळतो आणि तिथे गवतावर बुरशीचे गोल डाग उठतात. त्यामुळे एकच वाट झाडून घ्यायची आणि बाकीची बाग खिडकीतून बघायची. झाडं लावतानाच स्वयंपाकघराच्या किंवा बसायच्या खोलीच्या खिडकीतून काय दिसेल याचा विचार केलेला असला तर कडाक्यातही बाहेर पडायची गरज राहत नाही.

फोटो काढणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे बर्फ करडा येतो. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य मध्यम करडं आहे असं धरून चालतं, म्हणून एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) +१ ते +२ पर्यंत वाढवावं, मोबाइलवर स्क्रीनला बोट लावून ब्राइटनेस थोडा वर सरकवला तरी चालतं. सावल्यांमधला निळा रंग एडिटिंगमध्ये काढून टाकायची गरज नाही, तो तिथे खरंच असतो.