बूट होताना मधेच येणारा तो इनिटरामएफएस आला कुठून

परवा रात्री साडेदहाला पुण्यातल्या कर्वेनगरच्या मित्राचा फोन, लिनक्सवाला लॅपटॉप चालू होत नाहीये, काळी स्क्रीन आणि कंसात नुसतं इनिटरामएफएस लिहिलंय. पठ्ठ्यानं तापकीर गल्लीतून नवी एसएसडी आणली, ती फॉरमॅट करून जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर कॉपी मारलं, ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर, टाकला आणि रीस्टार्ट. "व्हायरस आहे का रे हा?" नाही बाबा, लिनक्स उठताना खरी डिस्क सापडेपर्यंत रॅममध्ये चालणारी ती छोटी तात्पुरती सिस्टिम. पण हा प्राणी तिथं का बसलाय हे कळायला जरा मागं जावं लागतं.

लिनक्स १९९१ चा. तेव्हा ही भानगडच नव्हती. डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे ती वाचायचा प्रोग्राम, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या पोटातच असायचा आणि रूट, म्हणजे सगळी सिस्टिम ठेवलेली फाइलसिस्टिम, कुठल्या डिस्कवर आहे तो नंबरसुद्धा कर्नलच्या फाईलमध्येच ५०८ व्या बाइटला लिहिलेला, बदलायचा असेल तर आरडेव्ह नावाची कमांड. कर्नल उठला, डिस्क माउंट केली म्हणजे वापरायला जोडून घेतली, संपला विषय.

गोची झाली ती हार्डवेअर वाढल्यावर. स्लॅकवेअर नावाचं लिनक्स १९९३ मध्ये आलं तेव्हाच्या बूट फ्लॉपी आठवा, आयडीई आणि स्कझी या डिस्क जोडायच्या दोन पद्धती, आयडीई डिस्कवाल्यांना एक, स्कझीवाल्यांना दुसरी, आणि त्यातही कार्डाप्रमाणे वेगवेगळ्या, कारण प्रत्येकीत वेगळा कर्नल, सगळ्यांचे ड्रायव्हर एकात कोंबले तर तो फ्लॉपीत मावायचा नाही. चुकीची फ्लॉपी घेतली की बसा परत बनवत. मग मॉड्यूल आले, ड्रायव्हर कर्नलबाहेर काढून डिस्कवर ठेवायचा आणि लागेल तेव्हा लोड करायचा, छानच की! फक्त स्कझी डिस्क वाचायला जो ड्रायव्हर लागतो तोच त्या स्कझी डिस्कवर. कपाटाची किल्ली कपाटात.

यावर १९९६ मध्ये उपाय निघाला तो इनिट-आरडी, म्हणजे सुरुवातीची रॅमडिस्क. वर्नर आल्म्सबर्गर आणि हान्स लेर्मेन या दोघांचं काम, यातला आल्म्सबर्गर म्हणजे लिलो बूटलोडर लिहिणारा, त्यामुळे दुखणं त्याला चांगलंच माहीत. बूटलोडर कर्नलसोबत अजून एक फाईल रॅममध्ये आणून ठेवतो, बूटलोडर मदरबोर्डवरच्या बायोसच्या मदतीनं डिस्क वाचतो त्यामुळे त्याला लिनक्सचा ड्रायव्हर लागतच नाही, ही खरी मेख. त्या फाईलमध्ये एक छोटी फाइलसिस्टिम, त्यात गरजेपुरते मॉड्यूल आणि लिनक्सआरसी नावाचा प्रोग्राम. तो चालतो, ड्रायव्हर लोड करतो, बाजूला होतो, मग कर्नल खरी डिस्क माउंट करतो.

चालत होतं, पण जुगाडच होता. रॅमडिस्क म्हणजे रॅममध्ये उभी केलेली खोटी डिस्क, तिचा साइज आधीच ठरलेला, डिफॉल्ट ४०९६ केबी, तिच्यावर ईएक्सटी२ सारखी फाइलसिस्टिम, म्हणजे तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये हवाच. वर कर्नल सवयीनं त्या खोट्या डिस्कचाही कॅश ठेवणार, म्हणजे तोच डेटा रॅममध्ये दोनदा. आता काय बोलणार!

म्हणून २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलमध्ये इनिटरामएफएस. इथं डिस्कचं सोंगच नाही, सीपीआयओ फॉरमॅटमधलं एक गठुडं कर्नल थेट रॅममधल्या फाइलसिस्टिममध्ये सोडतो. टार हा दुसरा गठुड्याचा फॉरमॅट का नाही असं लोकांनी विचारलंच, तर कर्नल लिहिणाऱ्यांपैकी अल व्हिरोला टार इतकं कुरूप वाटायचं की कर्नलमध्ये ते येणार नाही असं त्यानं सरळ सांगून टाकलं. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल मात्र वेगळाच आहे. जुना लिनक्सआरसी काम करून कर्नलकडे परत यायचा, इनिटरामएफएसमधला नवा प्रोग्राम, इनिट, परतच येत नाही, तो पहिलीच प्रोसेस असतो, रूट शोधायची जबाबदारी पूर्ण त्याची आणि सापडल्यावर खऱ्या डिस्कवरच्या इनिटला तोच खुर्चीत बसवतो. त्यामुळे एलव्हीएम आणि रेड या डिस्क एकत्र करून वापरायच्या पद्धती, एन्क्रिप्टेड डिस्कचा पासवर्ड विचारणं असली कामं साध्या स्क्रिप्टमध्ये करता येतात, कर्नलला हात न लावता.

नाव तेवढं जुनं राहिलं. डेबियन हे लिनक्स वापरणाऱ्यांच्या बूट फोल्डरमध्ये आजही फाईल इनिट-आरडी म्हणूनच दिसते, आत रॅमडिस्क नाहीच. पुण्याच्या नळ स्टॉप चौकात नळ शोधत कोण फिरतं? आणि प्रत्येक कर्नल अपडेटला अशी एकेक फाईल साठून बूट पार्टिशन भरतं तो ताप वेगळाच.

तर मित्राचं काय झालं. रूट डिस्क हल्ली यूयूआयडीनं, म्हणजे फॉरमॅट करताना मिळणाऱ्या लांबलचक नंबरानं ओळखतात, आणि फाइलसिस्टिमचा यूयूआयडी कर्नलला स्वतःला कळत नाही, ते काम इनिटरामएफएसचं. नवी एसएसडी फॉरमॅट केल्यावर यूयूआयडी बदलला, ग्रबच्या कॉन्फिगमध्ये जुनाच. इनिटरामएफएसनं वाट बघितली, जुन्या नंबरची डिस्क काही आली नाही, म्हणून बिझीबॉक्स या छोट्या कमांडसंचाचा शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, उघडून दिला. त्याच शेलमध्ये मित्राला ब्लॉकआयडी ही यूयूआयडी दाखवणारी कमांड टाइप करायला लावलं, नवा नंबर कागदावर उतरवून घे म्हटलं. ग्रबच्या मेनूत तो टाकल्यावर लॅपटॉप उठला, एफएसटॅब या माउंट करायच्या डिस्कच्या यादीतला बदलायचं मात्र साहेब विसरले, त्यासाठी सकाळी परत फोन.