धबधबा म्हणजे फिल्टर नव्हे, भाऊ

बेडूक पाळायच्या काचेच्या टाकीत, म्हणजे टेरॅरियममध्ये, मागं दगड रचले, मनीप्लांट चढवला, खाली छोटी मोटर टाकली आणि वरून पाणी झुळूझुळू पडायला लागलं की लोकं समजतात झालं, फिल्ट्रेशन झालं. मग काही दिवसांनी विचारतात, बेडूक पाण्यात उतरतच नाही, काचेवर चिकटून बसून राहते, खात नाही, पाणी तर एकदम चकाचक आहे मग काहून असं होऊन राहिलं? चकाचक दिसून राहिलं हाच तर सगळा घोळ आहे ना बापा.

फिश टँक तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. स्पंज, हँग-ऑन (काचेला बाहेरून अडकवायचा), कॅनिस्टर (बाहेर ठेवायचा बंद डब्याचा), हे सगळे फिल्टर तेच. बेडकासाठी वेगळं मशीन लागत नाही, कोणी 'टेरॅरियम स्पेशल' म्हणून दुप्पट पैसे मागत असला तर हात जोडून निघा. खालचा थर, म्हणजे LECA नावाच्या भाजक्या मातीच्या गोळ्या, त्यावर जाळी, त्यावर कोकोपीट, हा पण फिल्टर नाही, झाडांच्या मुळ्या सडू नये म्हणून निथरलेलं पाणी तिथं साठते, एवढंच. (कोकोपीटच्या जागी वावरातली काळी माती टाकू नका, ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि पऱ्हाटीवर काय काय फवारलं असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.)

आता मुद्द्यावर येतो. धबधबा पाणी फिरवते. फिल्टर पाण्यातलं विष मोडते. ही दोन कामं वेगळी आहेत.

आपल्या कूलरकडं पाहा. मोटर दिवसभर पाणी वर चढवते, ते ताट्यांवरून खाली येते, पुन्हा वर जाते. आठ दिवसांनी त्या टाकीत हात घालून पाहा, बुळबुळीत लागते, कडेला पांढरी खर धरली असते, वास तर विचारूच नका. एवढं फिरून ते पाणी साफ झालं का? उलट वाफ उडून गेली आणि क्षार खाली राहिले. धबधब्यात डिट्टो हेच होते.

आता विष कुठून येते ते पाहू. बेडकाच्या लघवीत युरिया असते, तोच, जो आपण पऱ्हाटीला देतो. तो पाण्यात बॅक्टेरियानं फुटला की अमोनिया तयार होते. शिवाय न खाल्लेला किडा मरून पडला, पान सडलं, त्याचा पण अमोनियाच. तो डोळ्याला दिसत नाही. पाणी गढूळ होते ते मातीनं, काडीकचऱ्यानं, आणि ते कोणताही स्पंज दोन दिवसांत गाळून टाकते, म्हणून लोकं खूश. पण अमोनिया स्पंजच्या छिद्रातून सरळ निघून जाते. त्याला मोडायला जिवंत बॅक्टेरिया लागतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते (ते पण विषारीच), दुसरी त्याचं नायट्रेट करते, नायट्रेट त्यामानानं सौम्य, ते मनीप्लांट आणि सिंगोनियमच्या मुळ्या ओढून घेतात. हे बॅक्टेरिया पाण्यात मोकळे फिरत नाहीत, कशाला तरी चिकटून राहतात, आणि त्यांना भरपूर जागा पायजे, भरपूर ऑक्सिजन पायजे. स्पंजच्या आणि सिरॅमिक रिंगांच्या बारीक छिद्रांत ती जागा भेटते. धबधब्याच्या दगडांवर पण थोडे बसतात, मान्य, खालच्या भाजक्या गोळ्यांवर पण बसतात, पण मोटर एका कोपऱ्यात असली की पाणी जवळच्या रस्त्यानं मोटरीत घुसते आणि दुसऱ्या कोपऱ्यातलं पाणी तसंच सडत राहते. नवीन फिल्टरमध्ये ही वस्ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोपर्यंत तुमचा कॅनिस्टर म्हणजे महागडी गाळणी समजा.

कोणी म्हणेल, मासे तर चालून जातात! भाऊ, माशाला शंभर लिटर पाणी असते, तुमच्या बेडकाच्या डबक्यात पाच लिटर पण नाही. घाण तेवढीच, पाणी मूठभर. आणि बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाच्या खालच्या कातडीतून ओढून घेते. ज्या पाण्यात बसला तेच पाणी अंगात गेलं.

आपल्याकडं यात आणखी भर पडते. बोअरचं पाणी जड, पीएच (पाणी किती आंबट की खारवट ते सांगणारा आकडा, 7 म्हणजे मधला) बरेचदा 8 च्या आसपास. अमोनियाचा खरा विषारी भाग 25 अंशांवर पीएच 7 असला तर अर्ध्या टक्क्याच्या जवळपास असते, पीएच 8 झाला की पाच टक्क्यांच्या वर, म्हणजे एका आकड्यानं जवळपास दहापट. आणि मे महिन्यात खोली 35 वर गेली तर त्याच्याही दुप्पटीकडं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी तर डबक्यात टाकूच नका, आधीच खारं, त्यात वाफ होऊन आणखी खारं. वाफेनं कमी झालेलं पाणी आरओच्या जारनं भरा. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडर (क्लोरीनवाली ब्लीचिंग पावडर) असते, ते पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवा नाहीतर अँटीक्लोरीनचे थेंब टाका, क्लोरीन बेडकाच्या कातडीला वाईट आणि फिल्टरमधल्या बॅक्टेरियाला तर मरणच.

खरं काय चाललं ते अमोनिया टेस्ट किटच सांगते. नळीत डबक्यातलं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवून ठेवायचं. पिवळं राहिलं तर ठीक. आरपार दिसणारं पाणी हळूहळू पोपटी, मग गर्द हिरवं होताना पाहिलं की माणूस धबधब्याचं कौतुक आपोआप बंद करते. लोकं धुक्याच्या मशीनवर पैसे घालतात आणि किट घेत नाहीत, याचा मला खरंच राग येते.

दोन्ही पायजे असलं तर क्रम असा ठेवा, डबक्यातून पाणी आधी जाड स्पंजात, मग रिंगांत, मग मोटर, आणि मोटरीचं पाणी धबधब्याला. धबधबा हा फिल्टरचा शेवटचा नळ, बस. जमिनीवर राहणाऱ्या बेडकासाठी पाणी उथळ, बसल्यावर नाक वर राहील एवढंच, आणि बाहेर यायला तिरपा दगड. कूलरची मोटर लावायची हौस करू नका, तिच्या जोरानं अर्धी माती डबक्यात येते.

माझं मत विचाराल तर छोट्या टाकीत धबधबा नकोच. काचेचं झाकण बरोबर असलं तर ओलावा तसाही टिकते. मोठं डबकं असलं तर हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावा. पॅकमन जातीसारखा एका जागी बसून राहणारा बेडूक असला तर फिल्टर पण नको, चिनी मातीची पसरट बशी ठेवा आणि रोज पाणी बदला, यापेक्षा भारी फिल्ट्रेशन मला अजून दिसलं नाही. फक्त वावरातून, नाल्यातून बेडूक उचलून आणू नका, वन्यजीव संरक्षणाचा 1972 चा कायदा आहे.

स्पंज धुताना नळाखाली धरू नका. टाकीतलंच पाणी बादलीत काढा आणि त्यात हलक्या हातानं दोनदा पिळा, भुरकट पाणी निघेल, ओल्या मातीसारखा वास येईल, तो चांगला. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा पोहोचली नाही. लाईन गेल्यावर नेमकं हेच होते, आणि आपल्याकडं लाईन कधी जाईल याचा नेम नाही. बंद कॅनिस्टरमध्ये पाणी थांबलं की काही तासांत ऑक्सिजन संपते, बॅक्टेरिया मरायला लागतात, मग लाईन आली की ती सगळी घाण एकदम बेडकावर. म्हणून जास्त वेळ लाईन नसली तर कॅनिस्टर उघडून, त्यातलं पाणी फेकून, मीडिया (आतले स्पंज आणि रिंगा) टाकीच्या पाण्यात खंगाळूनच पुन्हा चालू करा. उघड्या स्पंजला बॅटरीचा हवेचा पंप जोडून ठेवला तर ही कटकटच नाही. आणि फेकायचं पाणी नाल्यात, विहिरीत ओतू नका, बाहेरच्या बेडकांचे रोग इथल्या बेडकांत जातात, उकळून घ्या नाहीतर ब्लीचिंग पावडर टाकून थोडा वेळ ठेवा, मगच सांडा.