बंद पालिका इमारतीत बेघर निवारा: अर्ज कसा करायचा, कागद कोणते लागतात

पालिकेची एखादी बंद शाळा किंवा कुलूप लावलेलं समाजमंदिर नोंदणीकृत संस्थेला बेघर निवाऱ्यासाठी मागता येतं. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या (2013 मध्ये सुरू, मुदत 2024 मध्ये संपली) मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जुनी सार्वजनिक इमारत दुरुस्त करूनही निवारा उभा राहू शकतो. त्यात प्रमाण ठरलेलं होतं: लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांची सोय, माणशी 50 चौरस फूट. 2011 च्या जनगणनेत नवी मुंबई 11 लाखांवर होती, म्हणजे गरज किमान 1,100 जागांची.

आधी इमारत कुणाची आहे ते शोधा. नवी मुंबईत इथेच बरेच महिने जातात, कारण जागा सिडकोची (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ), पालिकेची की जिल्हाधिकाऱ्यांची, हे बाहेरून कळत नाही. माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका आणि मालकी, सध्याचा वापर, शेवटचं संरचनात्मक परीक्षण (इमारतीच्या मजबुतीची तपासणी), तिन्ही एकदमच विचारा. उत्तराची मुदत 30 दिवस.

जागा पालिकेची निघाली तर अर्ज आयुक्तांच्या नावे करा, प्रती मालमत्ता आणि समाजविकास विभागाला द्या. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, अर्ज करण्याचा ठराव आणि केलेल्या कामाचे पुरावे सहसा मागतात. आवक विभागाचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय निघू नका. निवारा चालवण्यासाठी पालिका बहुधा जाहिरात काढून संस्था निवडते. इमारत तुम्ही सुचवली म्हणून काम तुम्हालाच मिळेल असं नाही. तरीही सुचवाच.

अर्जात पाणी, शौचालय, वीज लिहाच, पण स्टेशन किंवा बाजार किती लांब आहे ते ठळक लिहा. एपीएमसीत, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारात, पहाटे गोणी उतरवणारा माणूस चांगल्या गादीसाठी दोन गाड्या बदलून झोपायला जाणार नाही. निवारा चोवीस तास, बारा महिने उघडा ठेवायचा असतो, त्यामुळे आठ-आठ तासांच्या पाळीत तीन काळजीवाहक दाखवा.

राहायला येणाऱ्याकडे कागद नसले तर त्याला दारातून परत पाठवू नका. कागद नसणं हीच त्याची अडचण आहे. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकाने ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र आधार नोंदणीला चालतं. मतदार यादीसाठी नमुना 6 (नव्याने नाव नोंदवण्याचा अर्ज) भरावा. बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही. तो जिथे झोपतो तिथे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन खात्री करतो. पडताळणी एकाहून अधिक रात्री होते, म्हणून नोंद होईपर्यंत त्याला जागा बदलायला लावू नका.