कॅश सर्व्हर मिळतो, खोली बांधावी लागते

रात्री साडेनऊला सांगली-मिरजेकडच्या एखाद्या छोट्या इंटरनेट कंपनीच्या राउटरचा आलेख पाहिला, तर तो डोंगर चढलेला असतो. जेवणं उरकलेली असतात, घराघरांत टीव्ही आणि मोबाइल चालू असतात. १०,००० जोडण्या आणि गर्दीच्या वेळी प्रत्येकीमागे सरासरी २ मेगाबिट धरले, तर सेकंदाला २० गिगाबिट माल मुंबईहून येतो. त्यातला बराचसा एकसारखाच: तीच मालिका, तीच मॅच, त्याच फोनचं तेच अपडेट. एकच वस्तू हजार गिऱ्हाइकांसाठी हजार वेळा मुंबईहून आणायची आणि दरवेळी वाहतूक भरायची. एज डेटा सेंटर म्हणजे या वस्तूंचं गावातलं गोदाम.

त्याची जाहिरात बहुधा ‘वेग वाढतो’ अशी होते. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. मुंबई ४०० किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. व्हिडिओ बघणाऱ्याला ते जाणवतही नाही. जाणवतं ते मुंबईची लाइन तुंबल्यावर. राउटरपाशी पॅकेटांची रांग लागते, काही गळतात आणि पडद्यावर चक्र फिरू लागतं. गोदाम हवं ते यासाठी.

पुरेशी रहदारी असेल तर नेटफ्लिक्स आणि गूगल आपले कॅश सर्व्हर (वारंवार मागितल्या जाणाऱ्या गोष्टींची प्रत जवळ ठेवणारी यंत्रं) इंटरनेट कंपनीला स्वतःहून देतात. जागा, वीज आणि जोडणी आपली. नेटफ्लिक्सचा सर्व्हर पहाटे, लाइन मोकळी असताना, पुढे लागतील त्या मालिका-सिनेमे भरून घेतो. थेट मॅचही कॅशमधून देता येते, कारण ती काही सेकंदांच्या तुकड्यांत येते: तुकडा मुंबईहून एकदा आणायचा आणि गावात हजारोंना वाटायचा. पण कोणते ग्राहक आपले, हे सर्व्हरला राउटर बीजीपीवरून (नेटवर्कांनी एकमेकांना आपले पत्ते कळवायची पद्धत) सांगतो. नवा आयपी ब्लॉक, म्हणजे ग्राहकांसाठी इंटरनेट पत्त्यांचा गठ्ठा, घेतला आणि तो कॅशला जाहीर करायचा राहिला, तर तेवढे ग्राहक निमूट मुंबईलाच जात राहतात. तक्रार येत नाही, फक्त बिल वाढतं. काही सेवा जवळचा सर्व्हर डीएनएसवरून (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) ठरवतात. त्यामुळे ग्राहकांना दूरचा डीएनएस देऊ नये, आपल्याच खोलीत एक चालवावा. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत चालू ठेवली की व्हिडिओचा मोठा ओघ नॅटच्या (अनेक ग्राहकांना एक पत्ता वाटून देणाऱ्या) यंत्राला वळसा घालून जातो आणि त्या यंत्रावरचा भार हलका होतो.

इथवरचं काम जमतं. केंद्रं बंद पडतात ती खोलीपायी.

दोन कॅश सर्व्हर, राउटर, स्विच, ओएलटी (घरांच्या फायबर जोडण्या सांभाळणारं यंत्र) मिळून ४ किलोवॅट धरू. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. खोली ४ बाय ३ मीटर, उंची ३ मीटर. आत ३६ घनमीटर हवा, वजन साधारण ४३ किलो. एवढी हवा १ अंशाने तापवायला ४ किलोवॅटला अवघे ११ सेकंद पुरतात. भिंती आणि रॅकचं लोखंड बरीच उष्णता पितात, म्हणून प्रत्यक्षात वेळ लागतो. पण तो मिनिटांतला असतो, तासांतला नाही. वीज जाते, यूपीएस सर्व्हर चालू ठेवतो आणि एसी मात्र यूपीएसवर नसतो. बॅटरी २ तासांची असली तरी सर्व्हर त्याआधीच तापून मान टाकतो. या कामातली सगळ्यात नेहमीची चूक हीच.

म्हणून एसी जनरेटरवर हवा आणि जनरेटर आपोआप सुरू व्हायला हवा. वीज आल्यावर एसीचा कॉम्प्रेसर साधारण ३ मिनिटं थांबून चालतो, तेवढी सवड हिशेबात धरावी. वीज परतल्यावर स्वतःहून सुरू न होणारा एसी इथे कामाचा नाही. महिन्यातून एकदा, भर दुपारी, पूर्ण भारावर मेन स्विच पाडून बघावं. थर्मामीटर रॅकच्या पुढच्या बाजूला, वरच्या सर्व्हरपाशी लावावा, कारण महत्त्व आत शिरणाऱ्या हवेचं आहे. ती १८ ते २७ अंशांत राहावी.

एसी किती टनाचा? १ टन म्हणजे ३.५ किलोवॅट, तेव्हा ४ किलोवॅटला १.१४ टन. पण घरगुती एसीची काही ताकद हवेतली ओल काढण्यात जाते आणि सर्व्हर ओल सोडत नाहीत. ७० टक्केच उपयोगी धरली तर १.६ टन लागतात. त्यावर मे महिन्यातला तापलेला स्लॅब. २ टनांचे दोन एसी घ्यावेत, आठवड्याला पाळी बदलावी. एक बंद पडला तर दुसऱ्याने एकट्याने भार पेलला पाहिजे. त्यांच्या पाण्याची नळी रॅकवरून नेऊ नये. रॅकमधल्या रिकाम्या खणांना झाकणपट्ट्या लावाव्यात, नाहीतर मागची गरम हवा त्या फटीतून पुन्हा पुढे येते. झाकणपट्टी ही खोलीतली सगळ्यात स्वस्त वस्तू आणि तीच राहून जाते. बाहेरची हवा पंख्याने आत घेऊन बिल वाचवायचा मोह ऊसपट्ट्यात टाळावा. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून उडणारी बगॅसची (उसाच्या चोथ्याची) राख सर्व्हरमधल्या हिटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांवर, थर धरते.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. ४ किलोवॅट, २ तास म्हणजे ८ युनिट. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के आणि बॅटरी ८० टक्केच वापरायची, तर ११ युनिट लागतात. ४८ व्होल्टचे ५ युनिटांचे लिथियम संच तीन घ्यावेत. लेड-अ‍ॅसिड बॅटरी तापत्या जागी ठेवली तर २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं.

वळवाच्या पावसात वीज कडाडते, तेव्हा धोका फक्त विजेच्या तारेतून येत नाही. चिलखती फायबरचं पोलादी कवचही विजेची लाट आत आणतं. हे कवच खोलीबाहेरच कापून अर्थिंगला (जमिनीला) जोडावं आणि आत धातू नसलेली, नुसत्या काचेची केबल घ्यावी. आगीसाठी सुकी पावडर नको, ती सर्किट खाते. स्वच्छ वायूचं नळकांडं ठेवावं.

मुंबईच्या दोन लाइन दोन कंपन्यांकडून घेतल्या म्हणजे दोन वाटा झाल्या, असं नाही. दोन्ही केबल एकाच पुलावरून जात असतील तर एक जेसीबी दोन्ही तोडतो. नकाशा मागून घ्यावा आणि वाट चालून बघावी. तंतूत जाता जाता प्रकाश मंदावतो, ती घट डेसिबलमध्ये मोजतात: ८० किलोमीटरच्या टप्प्यात किलोमीटरला ०.२२ प्रमाणे १७.६ डेसिबल जातात. केबल ४-४ किलोमीटरच्या ड्रमांत येते, म्हणून सुमारे २० जोड, प्रत्येकी ०.१ प्रमाणे त्यांचे २, कनेक्टरचा १. टोकाचं प्रकाश पाठवणारं-घेणारं मॉड्यूल २४ डेसिबलची घट पेलत असेल तर हाती ३.४ उरतात. केबल तुटली की मधे नवा तुकडा घालतात आणि दोन जोड वाढतात. रस्ता रुंदीकरणात १७ वेळा तुटली की शिल्लक संपते आणि एका दुपारी, काहीही न तुटता, लाइन चुका दाखवू लागते. पहिल्या दिवसाची ओटीडीआरची (तंतूत कुठे किती प्रकाश जातो ते मोजणारं यंत्र) नोंद छापून रॅकच्या दारावर चिकटवावी आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर नवी नोंद तिच्याशेजारी लावावी.