सत्तरीनंतरचा ल्युकेमिया: दोन औषधांच्या जोडीपर्यंतचा प्रवास

अझासिटिडीनचं इंजेक्शन पोटावर टोचण्याआधी नर्स ती सिरिंज दोन तळव्यांमध्ये धरते आणि वात वळावी तशी जोरजोरात फिरवते. औषध पाण्यात नीट विरघळत नाही, दुधासारखं गढूळ राहतं आणि क्षणभर ठेवलं तरी तळाशी बसतं. शिवाय पाणी लागलं की ते काही तासांत नासायला लागतं, म्हणून आधी कालवून ठेवायची सोय नाही. दर महिन्याला अशी सात दिवस इंजेक्शनं. शनिवार-रविवारी डे-केअर बंद असेल तर पाच दिवस, मग दोन दिवस सुट्टी, मग उरलेले दोन. सोबत व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल, झालेल्या ज्या वयस्कर माणसांना मोठी केमो झेपणार नाही, त्यांच्यासाठी ही जोडी आज जगभर पहिल्या पसंतीची आहे. ती इथवर पोहोचायला साठेक वर्षं लागली, आणि त्यातली बरीचशी फसलेल्या चाचण्यांत गेली.

एएमएल हा रक्ताचा कर्करोग, आणि मुख्यतः म्हातारपणाचा आजार. अमेरिकेत निदानाच्या वेळी निम्मे रुग्ण साधारण अडुसष्टीच्या पुढचे असतात. बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या मगजात, अर्धवट वाढलेल्या ब्लास्ट पेशी गर्दी करतात, चांगलं रक्त तयार होणं थांबतं, आणि मग जंतुसंसर्ग, रक्तस्राव, धाप. उपचार मात्र कित्येक वर्षं तरुणांच्या मापाने शिवलेला होता. १९७३ साली अमेरिकेत 'सात अधिक तीन' नावाची पद्धत मांडली गेली: सात दिवस सायटाराबीन, तीन दिवस डॉनोरुबिसिन. पहिल्याचं मूळ कॅरिबियन भागातल्या एका समुद्री स्पंजात वर्नर बर्गमन यांना सापडलेल्या रेणूंमध्ये आहे, तर दुसरं इटलीतल्या कास्तेल देल मोंते या किल्ल्याजवळच्या मातीतल्या जिवाणूपासून आलं. एकाच वेळी अनेक औषधं द्यायची ही कल्पनाही उसनी होती. टीबीमध्ये एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू दाद देईनासे होतात, दोन-तीन औषधांपुढे मात्र टिकत नाहीत, हे चाळीस-पन्नासच्या दशकांत कळलं होतं. लहान मुलांच्या ल्युकेमियावर साठच्या दशकात तेच तत्त्व वापरलं गेलं आणि तिथून ते मोठ्यांकडे आलं.

तरुणांना 'सात अधिक तीन' लागू पडली. सत्तरीच्या माणसाचं गणित वेगळं. एक तर हृदय, मूत्रपिंड, फुप्फुसं आधीच थकलेली. दुसरं म्हणजे या वयात आजाराची जातच चिवट असते. गुणसूत्रांतले वाईट बदल जास्त आढळतात, आणि पुष्कळदा मॅरो वर्षानुवर्षं आधीपासून बिघडलेला असतो. म्हणजे औषध सोसत नाही आणि सोसलं तरी लागू पडत नाही. 'म्हातारं शरीर केमो सहन करत नाही' एवढं एकच कारण पुढे केलं जातं, पण ती अर्धीच गोष्ट आहे.

मग उपचार करावा की करू नये? हा प्रश्न चाचणी घेऊन विचारण्याचं धाडस युरोपातल्या डॉक्टरांनी केलं. १९८९ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात पासष्टीपुढचे अवघे ६० रुग्ण होते. अर्ध्यांना लगेच केमो, बाकीच्यांना 'थांबा आणि पाहा', म्हणजे रक्त चढवणं, आराम आणि गरज पडली तरच थोडंसं औषध. पहिल्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले, निम्मे कमी) २१ आठवडे भरलं, दुसऱ्याचं ११. फरक खरा होता, तरी २१ आठवडे म्हणजे पाच महिनेसुद्धा नव्हेत.

याच सुमारास दुसरी अडचण उघडी पडत होती: वयस्कर माणसं चाचण्यांत घेतलीच जात नव्हती. अमेरिकेतल्या एका मोठ्या कर्करोग गटाच्या नव्वदच्या दशकातल्या १६४ चाचण्यांची मोजदाद १९९९ साली प्रसिद्ध झाली. देशातल्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी ६३ टक्के पासष्टीपुढचे, आणि चाचण्यांत त्यांचं प्रमाण २५ टक्के. ज्यांना आजार होतो ते एक आणि ज्यांच्यावर औषध तपासलं जातं ते दुसरेच.

ब्रिटनमध्ये ॲलन बर्नेट यांच्या गटाने मुद्दाम या उपेक्षित रुग्णांसाठी चाचण्या आखल्या. २००७ साली त्यांनी दाखवलं की सायटाराबीनची छोटी मात्रा, २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दहा दिवस कातडीखाली, ही नुसत्या हायड्रॉक्सियुरियापेक्षा, म्हणजे पांढऱ्या पेशींची संख्या आटोक्यात ठेवणाऱ्या औषधापेक्षा, बरी. १८ टक्के रुग्णांना पूर्ण रेमिशन मिळालं, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा झाला, हायड्रॉक्सियुरियावर १ टक्क्याला. मग त्यांनी 'विजेता निवडा' अशा पद्धतीची चाचणी उभारली: छोट्या मात्रेच्या सायटाराबीनसमोर एकामागून एक नवी औषधं किंवा जोड्या उभ्या करायच्या, लवकर तपासायचं, चमक दिसली नाही की बाद. जवळजवळ सगळ्या बादच झाल्या. काही जोड्यांत रेमिशन वाढलं, पण आयुष्य वाढलं नाही. नातेवाइकांच्या दृष्टीने यातला दुसराच आकडा खरा.

सर्वांत बोलकं उदाहरण व्होलासर्टिब या नव्या औषधाचं. ८७ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात सायटाराबीनबरोबर ते दिलं तेव्हा मध्यक आयुष्य ५.२ वरून ८ महिन्यांवर गेलं. २०१४ मध्ये हे छापून आलं, आशा पल्लवित झाल्या. पुढच्या ६६६ रुग्णांच्या चाचणीत तो फायदा विरून गेला, उलट संसर्गाने दगावणाऱ्यांची संख्या जोडीच्या बाजूला जास्त निघाली. दोन औषधं मिळून ब्लास्ट मारतात तशी चांगल्या पांढऱ्या पेशीही मारतात, आणि पंच्याहत्तरीच्या माणसाला तापाच्या एका झटक्यातून सावरायला उसंत मिळत नाही.

तोवर अझासिटिडीन दुसऱ्याच वाटेने येत होतं. १९६४ साली प्रागमध्ये पिस्कला आणि शोर्म यांनी ते तयार केलं. आधी भरपूर मात्रेत देऊन पाहिलं. त्रास फार, फायदा बेताचा. १९७७ मध्ये पीटर जोन्स आणि सहकाऱ्यांना विचित्र गोष्ट दिसली. उंदराच्या ज्या पेशी स्नायू व्हायच्या नव्हत्या, त्या या औषधानंतर ताटलीत चक्क काम करणारे स्नायू झाल्या. १९८० साली त्यामागचं कारण पुढे आलं: औषध डीएनएवरच्या मेथिलच्या खुणा पुसतं आणि मिटलेली जनुकं पुन्हा वाचली जातात. तेव्हापासून मात्रा कमी करून ते पेशी 'मारण्या'पेक्षा 'वळणावर आणण्या'साठी वापरायचा विचार सुरू झाला. २००४ मध्ये मॅरोच्या बिघाडासाठी, म्हणजे एमडीएससाठी, अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१५ मध्ये ४८८ वयस्कर एएमएल रुग्णांवरच्या चाचणीत मध्यक आयुष्य १०.४ महिने, नेहमीच्या उपचारांवर ६.५. संख्याशास्त्राच्या कसोटीत हा निकाल थोडक्यात अडकला, पण घरी राहून घेता येणारा उपचार म्हणून औषध रुळलं.

जोडीतलं दुसरं औषध ऑस्ट्रेलियाचं ऋणी आहे. बीसीएल-२ हे जनुक आधी एका लिंफोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगात, सापडलं होतं. ते पेशींची वाढ जोरात करत असावं असा सगळ्यांचा समज. १९८८ साली मेलबर्नमध्ये डेव्हिड व्हॉक्स, सुझॅन कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी दाखवलं की हे जनुक पेशीला वाढवत नाही, मरू देत नाही. मग हे कुलूप उघडणारं औषध शोधायचं ठरलं. अबॉट कंपनीचं नॅव्हिटोक्लॅक्स चाललं, पण ते बीसीएल-२ सोबत त्याचं भावंड बीसीएल-एक्सएल हेही रोखायचं, आणि प्लेटलेट त्याच भावंडाच्या जिवावर जगतात. प्लेटलेट धडाधड खाली. ल्युकेमियाच्या रुग्णाला हे कसं परवडणार? तेव्हा फक्त बीसीएल-२ ला धरणारा रेणू घडवला गेला: २०१३ साली जगासमोर आलेलं व्हेनेटोक्लॅक्स.

एएमएलमध्ये ते एकटं दिलं तेव्हा ३२ जणांपैकी १९ टक्क्यांनाच प्रतिसाद मिळाला. एरवी असं औषध फडताळात गेलं असतं. पण अझासिटिडीनसारख्या औषधांसोबत, निम्म्या ताकदीच्या दोन गोष्टी एकत्र बांधाव्यात तसं, ते देऊन पाहिलं गेलं. १४५ वयस्कर रुग्णांच्या त्या अभ्यासात दोन-तृतीयांश जणांना रेमिशन. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत तात्पुरती मान्यता. व्होलासर्टिबचा अनुभव गाठीशी असल्याने खात्रीची चाचणी होईपर्यंत अनेकजण सबुरीने बोलत होते, आणि ते योग्यच होतं.

ती चाचणी म्हणजे व्हिआले-ए. ४३१ रुग्ण, मध्यक वय ७६. पंच्याहत्तरी ओलांडलेले, किंवा हृदय-फुप्फुसांच्या आजारामुळे मोठी केमो न झेपणारे. २८६ जणांना जोडी, १४५ जणांना अझासिटिडीन आणि दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. २०२० च्या निकालात रेमिशन ६६ टक्के विरुद्ध २८ टक्के. मध्यक आयुष्य १४.७ महिने विरुद्ध ९.६. किंमतही मोजावी लागली: पांढऱ्या पेशी घसरून येणारा ताप ४२ टक्के रुग्णांत, समोरच्या गटात १९. याच व्हेनेटोक्लॅक्सची छोट्या मात्रेच्या सायटाराबीनशी जोडी लावली तेव्हा पहिल्या हिशेबात ७.२ विरुद्ध ४.१ महिने असं असूनही निकाल सिद्ध ठरला नाही. म्हणजे जोडीदार कोण, यालाही अर्थ आहे.

त्यानंतर आयडीएच-१ जनुकात बदल असलेल्यांसाठी अझासिटिडीन आणि आयव्होसिडेनिब अशी जोडी आली: २४ महिने विरुद्ध ७.९. तिसरं औषध जोडून त्रिकूट करायचे प्रयत्न मात्र अजून अडखळतात. मॅग्रोलिमॅबचं त्रिकूट २०२४ मध्ये उपयोग दिसेना म्हणून थांबवलं गेलं.

आपल्याकडे एएमएलच्या रुग्णांचं वय पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी नोंदवलं जातं. याचं एक कारण लोकसंख्या तरुण आहे, आणि मला वाटतं, दुसरं कारण म्हणजे आजोबांचा अशक्तपणा 'वयाचा' म्हणून सोडून दिला जातो, मॅरो तपासणीपर्यंत गोष्ट जातच नाही. जे पोहोचतात त्यांना गोळीची किंमत भेडसावते. इथे बुरशीवरच्या औषधाची मदत होते. पोसाकोनाझोल यकृतात व्हेनेटोक्लॅक्सचा निचरा मंद करतं, त्यामुळे दोन्ही सोबत देताना ४०० मिलिग्रॅमऐवजी ७० ते १०० मिलिग्रॅम पुरतं. बुरशीपासून संरक्षण आणि गोळ्यांत बचत, दोन्ही एका वेळी साधतं, म्हणून भारतातले अनेक डॉक्टर तसंच देतात.

आता प्रश्न आहे तो दिवसांचा. मूळ चाचणीत गोळ्या महिन्याचे २८ दिवस होत्या. प्रत्यक्षात मॅरो सावरायला वेळ मिळावा म्हणून डॉक्टर त्या २१, १४, कुठे कुठे ७ दिवसांवर आणतात. सात दिवस इंजेक्शन आणि सातच दिवस गोळी दिली तर परिणाम तेवढाच राहतो का, हे सध्या तपासलं जात आहे.