नेट बंद पडलं? फोन करण्याआधी एवढं पाहा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या आमच्या ऑफिस, गाळे, दुकानं आणि घरगुती ग्राहकांसाठी

‘नेट बंद आहे, माणूस पाठवा’ असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यांचं बंद आहे की एकाचंच? बहुतेकदा पलीकडून ‘थांबा, बघून सांगतो’ असं येतं, आणि अर्धं काम तिथेच होतं. एकाचंच बंद असेल तर दोष त्या कॉम्प्युटरमध्ये, त्याच्या वायरमध्ये किंवा स्विचच्या (सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा) त्या एका पोर्टमध्ये. सगळ्यांचं बंद असेल तर राउटर, मुख्य स्विच नाहीतर बाहेरून येणारी लाईन. वायरवाल्यांचं चालू आणि फक्त वायफायवाल्यांचं बंद असेल तर लाईनच्या वाटेला जाऊच नका. आणि बाकी सगळं उघडतंय, एकच साइट उघडत नाही, तर बिघाड बहुधा तिकडचाच. महिन्याच्या 20 तारखेला, जीएसटीआर-3बी भरायच्या शेवटच्या दिवशी, पोर्टल रखडलं म्हणून राउटर दहादा बंद-चालू करण्यात अर्थ नाही.

फायबरच्या डब्यावरचा लाल दिवा

बाहेरून येणारी बारीक फायबर ज्या डब्यात शिरते त्यावर ‘पॉन’ आणि ‘एलओएस’ असे दोन दिवे असतात. पॉन हिरवा आणि स्थिर असेल तर बाहेरची लाईन डब्यापर्यंत पोचली आहे. एलओएस लाल लुकलुकत असेल तर प्रकाश डब्यापर्यंत येतच नाही. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना कारण सांगायला नको: कुठेतरी खोदकाम सुरू असतं आणि केबल तुटते. पण त्याआधी टेबलामागे एकदा डोकावा. टेबल भिंतीला सरकवताना फायबर मुडपली असेल तर ती हलक्या हाताने मोकळी करा. आत काच असते; बाहेरचं कव्हर धड दिसलं तरी आतून तुटलेली असू शकते. हिरव्या टोकाची पिन काढून फुंकर मारू नका, शर्टाला पुसू नका. त्या टोकात डोळा लावून तर अजिबात पाहू नका, कारण त्यातला लेझरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

लाल दिवा असताना आम्हाला बोलावलंत तर आम्हीही इंटरनेट कंपनीलाच फोन लावणार. व्हिजिटचे पैसे मात्र तुमचे जातील. तक्रार थेट कंपनीकडे नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा.

बंद-चालू करा, रीसेट नको

दिवे ठीक आणि तरी नेट नसेल तर आधी फायबरचा डबा बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर, मग स्विच. राउटरच्या मागे टाचणी जाईल एवढ्या भोकात जे बटण असतं ते दाबू नका. त्याने कंपनीचं युजरनेम-पासवर्ड, वायफायचं नाव, कॅमेऱ्यांचं सेटिंग, सगळं पुसलं जातं. पाच मिनिटांचं काम मग अर्ध्या दिवसावर जातं.

एकाच कॉम्प्युटरचं बंद असेल तर

मागे लॅनची वायर जिथे खोचली आहे तिथले दिवे पाहा. एकही लागत नसेल तर वायर काढून ‘टक’ आवाज येईपर्यंत पुन्हा खोचा. पिनेची प्लॅस्टिकची जीभ मोडली असेल तर खुर्ची लागली तरी ती सैल होते. शेजारच्या चालू कॉम्प्युटरची वायर लावून बघा. चालला तर वायर बदलायची. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं कशाने चालू झालं ते कळत नाही. वाशी-तुर्भ्याच्या गोदामांत मात्र आधी उंदरांनी वायर कुरतडली आहे का ते पाहा.

दिवे लागतात तरी नेट नाही? कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा. तिथे दिसणारा आयपीव्ही4 पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा क्रमांक, 169.254 ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. विंडोजने स्वतःच एक लावून घेतला आहे. पत्ता 192.168 असा काही असेल तर ‘पिंग’ लिहून, जागा सोडून 8.8.8.8 टाका. उत्तरं येतात पण साइट उघडत नाहीत, तर साइटच्या नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस अडलं आहे. ते आम्ही बऱ्याचदा फोनवरूनच ठीक करून देतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर जुन्या पीसीवर प्रत्येक साइट ‘असुरक्षित’ म्हणू लागली तर कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते. नेट ठणठणीत असतं, सेल बदला.

300 चा प्लॅन आणि स्पीड 94

हा आकडा आम्हाला फार उपयोगी पडतो. स्पीड टेस्ट कितीदाही केली तरी 93-94 एमबीपीएसच्या वर जात नसेल तर इंटरनेट कंपनीशी भांडू नका. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. 1000 एमबीपीएससाठी चारही जोड्या लागतात. 100 ला दोन पुरतात. क्रिम्पिंग करताना, म्हणजे वायरच्या टोकाला पिन बसवताना, एक तार नीट बसली नाही किंवा आत तुटली की लिंक गुपचूप 100 वर उतरते. नेट चालूच असतं, म्हणून महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. जुना 100 चा स्विच मध्ये असेल तरी हेच होतं. स्वस्तातली, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल आम्ही म्हणूनच लावत नाही. शुद्ध तांब्याची महाग पडते, पण कटकट वाचते.

दसऱ्याच्या साफसफाईनंतर

वागळे इस्टेटच्या गाळ्यांतून दसऱ्यानंतर हमखास येणारी तक्रार अशी: मशीन पुसली, कॉम्प्युटर पुसले, पूजा झाली, आणि दुसऱ्या दिवशी अख्खं ऑफिस बंद. कुणीतरी लोंबकळणारी वायर बघून तिचं मोकळं टोक त्याच स्विचमध्ये खोचलेलं असतं. एकाच वायरची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली की साध्या स्विचमध्ये डेटा गोल फिरत राहतो. सगळे दिवे एकदम, वेड्यासारखे लुकलुकतात. ती वायर शोधून काढली की मिनिटभरात सगळं सुरळीत.

दुसरा प्रकार याहून त्रासदायक. केबिनमध्ये वायफाय येत नाही म्हणून कुणीतरी घरचा जुना राउटर आणून लॅन पोर्टमधून जोडतं. आता पत्ते वाटणारे दोन झाले. निम्म्या लोकांचं चालतं, निम्म्यांचं नाही, प्रिंटर कुणाला दिसतो, कुणाला नाही. नवीन काहीही जोडण्याआधी आम्हाला एक मेसेज टाका.

वायफाय

टॉवरमध्ये शेजाऱ्यांचे राउटर इतके असतात की वायफायच्या लहरींपैकी 2.4 गिगाहर्ट्‌झवर गर्दी होते. तिथे एकमेकांवर न येणारी चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. जवळ बसणाऱ्यांनी 5 गिगाहर्ट्‌झ वापरावं, मात्र ते भिंतीपलीकडे लवकर विरतं. राउटर लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या पाठी ठेवू नका.

पावसाळ्यात

गच्चीवरून समोरच्या इमारतीत ओढलेली लॅन केबल जूनमध्ये दगा देते. पिनेत पाणी शिरून तांबं हिरवं पडतं आणि जवळपास वीज कोसळली तर दोन्हीकडचे पोर्ट जळू शकतात. शिवाय लॅन केबलची मर्यादा 100 मीटर. दोन इमारतींमध्ये फायबरच टाका.

फोन करताना

फायबरचा डबा, राउटर आणि स्विच यांच्या दिव्यांचा एकेक छोटा व्हिडिओ पाठवा. लुकलुकणं फोटोत कळत नाही. बंद कधी झालं आणि त्याआधी काय हलवलं, बदललं किंवा लाईट गेली होती का, तेही सांगा.