बड कॉलिन्स

कॉलिन्स, बड : (१७ जून १९२९ – ४ मार्च २०१६). अमेरिकन टेनिस-पत्रकार, दूरचित्रवाणी समालोचक आणि या खेळाचा इतिहासकार. पूर्ण नाव आर्थर वर्थ कॉलिन्स ज्युनिअर. जन्म ओहायो राज्यातील लायमा येथे. बालपण त्याच राज्यातील बेरिया गावी गेले. बाल्डविन-वॉलेस महाविद्यालयातून पदवी घेऊन आणि लष्करी सेवा आटोपून ते बॉस्टनला आले. तेथे शिकता-शिकताच ‘बॉस्टन हेराल्ड’ या दैनिकासाठी क्रीडावृत्ते लिहू लागले.

१९६३ साल निर्णायक ठरले. त्या वर्षी ते ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकात गेले आणि बॉस्टनच्या सार्वजनिक वाहिनीवर टेनिसचे समालोचनही करू लागले. सकाळी छापील मजकूर आणि दुपारी कॅमेऱ्यासमोर बोलणे, ही दुहेरी चाकरी तेव्हाच्या क्रीडापत्रकारांत दुर्मीळ होती. पुढे सीबीएस या राष्ट्रीय वाहिनीवर अमेरिकन ओपन आणि १९७२ पासून पस्तीस वर्षे एनबीसी या दुसऱ्या वाहिनीवर विम्बल्डन, असा त्यांचा प्रवास झाला. १९७९ मध्ये एनबीसीने विम्बल्डनची अंतिम लढत थेट दाखवायला सुरुवात केली. लंडनमध्ये दुपारी दोनला सुरू होणारा सामना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी नऊला दिसे, म्हणून कार्यक्रमाचे नाव ‘ब्रेकफास्ट ॲट विम्बल्डन’. पहिल्याच वर्षी बियाँ बोर्ग आणि रॉस्को टॅनर पाच सेट झुंजले. मुहूर्त चांगला लागला म्हणायचा.

कॉलिन्स यांची खरी मिळकत म्हणजे भाषा. स्टेफी ग्राफला त्यांनी ‘फ्रॉइलाइन फोरहँड’ (फ्रॉइलाइन म्हणजे जर्मनमध्ये कुमारी) केले, तर विल्यम्स भगिनींना ‘सिस्टर्स स्लेजहॅमर’. स्लेजहॅमर म्हणजे लोहाराचा घण. ६-० ने गमावलेल्या सेटला ‘बेगल’ म्हणण्याची पद्धत त्यांच्यामुळे रुळली. मधोमध भोक असलेला तो पाव शून्यासारखाच दिसतो. ही नावे कधी अतिरंजित वाटत, पण टेनिसशी ओळख नसलेल्या प्रेक्षकाच्याही ती लक्षात राहत.

त्यांच्या पँट हा स्वतंत्र विषय आहे. देशोदेशीची भडक, नक्षीदार कापडे बॉस्टनजवळच्या केंब्रिजमधील शिंप्याकडून शिवून घेऊन ते समालोचनाला येत. पांढऱ्या पोशाखाचा आग्रह धरणाऱ्या विम्बल्डनमध्ये तो वेष आणखीच उठून दिसे. या रंगीबेरंगीपणामुळे त्यांना केवळ विनोदी पात्र समजणे मात्र चूक. १९६१ मध्ये जॅनेट हॉप्स यांच्यासह त्यांनी अमेरिकेचे इनडोअर मिश्र दुहेरी विजेतेपद मिळवले होते. ब्रँडाइस विद्यापीठात ते टेनिसचे प्रशिक्षक होते. हौसेने अनवाणी खेळत आणि स्वतःला ‘हॅकर’, म्हणजे कसाबसा चेंडू मारणारा, म्हणवत. १९८० पासून निघालेला त्यांचा टेनिस-कोश नंतर वाढत गेला. जुने निकाल पडताळताना पत्रकार आजही त्याकडे वळतात.

१९९४ मध्ये त्यांचा न्यूपोर्ट येथील आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. २००७ च्या विम्बल्डननंतर एनबीसीने त्यांचा करार वाढवला नाही. लगोलग ईएसपीएन या क्रीडावाहिनीने त्यांना बोलावले. २०१५ मध्ये अमेरिकन ओपनच्या माध्यम केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइन येथे त्यांचे निधन झाले.